वीत आणि फूटपट्टी

चंद्रपूर जिल्ह्यात माणिकगडच्या डोंगरावरच्या जिवती तालुक्यात कोलामांच्या लहान लहान वस्त्या विखुरल्या आहेत. या वस्त्यांना गुडा म्हणतात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमातींची केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंद केली आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांसोबत कोलाम आहेत. बांबू त्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. टोपल्या, सुपं, धान्याच्या ढोल्या, कुडाच्या घराचे तट्टे, सगळं घरच्या घरी विणलेलं.

बघायला हे काम सोपं वाटतं. कोयत्याने बांबू उभा चिरायचा, फाकेची साल आणि गाभा वेगळा करायचा. सालीची कामटी चिवट, टोपलीचा भार तिच्यावर. गाभ्याची कामटी नरम, ती भरणीला. पेरावर कोयता जरा तिरका गेला की कामटी वाया. जाडी चिमटीत कळते, घेर वितीने मोजतात. पुढे बाजारात प्लास्टिकचं टोपलं आलं, कुडाच्या जागी विटा आल्या आणि गिऱ्हाईक रोडावलं.

त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, मूल रस्त्यावरच्या चिचपल्लीत वनविभागाचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. २०१४ साली त्याला मंजुरी मिळाली. केंद्राची इमारतही बांबूचीच उभारायला घेतली; फेब्रुवारी २०२१ मध्ये बांधकाम चालू असतानाच तिला मोठी आग लागली. तरी केंद्राचं काम थांबलं नाही. इथे हस्तकलेचं प्रशिक्षण मिळतं, बांबू तंत्रज्ञानाची पदविकाही घेता येते.

विणकाम येणाऱ्याला अशा केंद्रात नवं काय मिळावं? एक म्हणजे बांबू टिकवण्याची रीत. कापलेल्या बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो आणि आतून भुगा करतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बांबू मुरवला की तो वाचतो. शिवाय यंत्रावर एकसारख्या पट्ट्या काढणं, सांधे बसवणं, पॉलिश करणं. चुलीच्या धुरात राहणाऱ्या टोपलीला यातलं काही लागत नव्हतं. शहरातल्या दुकानात जाणाऱ्या बांबूच्या दिव्याला सगळं लागतं.

पण हात शिकले तरी बांबू हवा. या भागातल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवून त्यावर गावाचा हक्क मान्य केला. तरी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. पुढे तिथल्या ग्रामसभेने बांबू स्वतः विकला, गावकऱ्यांना मजुरी दिली आणि पैसा गावाच्या खात्यात जमा केला. कौशल्यविकासाच्या चर्चेत या गावाचं नाव क्वचितच निघतं, हे नवलच.

जिवतीहून चिचपल्लीला जायचं तर डोंगर उतरून गडचांदूर, पुढे चंद्रपूर आणि तिथून मूल रस्ता. कापूस वेचणीच्या दिवसांत लेकुरवाळ्या बाईला हे जमणारं नाही. त्यापेक्षा मास्तर आणि द्रावणाची टाकी गुड्यावर नेणं स्वस्त पडेल. टाकीला जागा आणि पाणी पुरतं. व्यापारी एका मापाच्या पन्नास टोपल्या मागतो, आणि प्रत्येक विणणारीची वीत वेगळी. म्हणून टाकीसोबत फूटपट्ट्याही न्याव्या लागतील, आणि दर ठरवताना मोडलेल्या कामट्यांचा हिशेब धरायला शिकवणारं कुणीतरी.