दोरीला बिलगलेले तारामासे

वाऱ्यापासून निर्माण झालेली वीज भर समुद्रातून किनाऱ्यास आणणारी केबल तळाच्या वाळूत एक ते तीन मीटर खोल चर काढून पुरलेली असते. परंतु जेथे ती दुसऱ्या केबलला ओलांडून जाते, किंवा पवनचक्कीच्या खांबात शिरण्यापूर्वी वाळूबाहेर येते, तेथे जहाजांचे नांगर, ट्रॉलरची जाळी आणि प्रवाहाने होणारी धूप यांपासून तिचा बचाव व्हावा म्हणून दगडांच्या राशी अथवा काँक्रीटच्या गाद्या तिच्यावर पसराव्या लागतात. उत्तर समुद्रातील पवनक्षेत्रांना परवाने देताना नेदरलँड्सच्या सरकारने अशी अट घातली आहे की, हा बंदोबस्त करावयाचाच, तर तो जलचरांनाही आसरा देईल असा करावा. या अटीचा विचार करताना मला जॉर्ज चार्ल्स वॉलिक या उपेक्षित पुरुषाचे प्रकर्षाने स्मरण होते.

वॉलिक १८१५ साली कलकत्त्यास जन्मला. तेथील वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक हे त्याचे वडील, आणि तो स्वतः हिंदुस्थानी फौजेत डॉक्टर. तारायंत्राची केबल उत्तर अटलांटिकमधून कोणत्या मार्गाने टाकावी याची पाहणी करण्यास १८६० मध्ये ‘बुलडॉग’ हे जहाज निघाले, तेव्हा तो त्यावर निसर्गवैज्ञानिक म्हणून गेला. तीनशे वावांखाली सजीव सृष्टी नाही, हे निसर्गवैज्ञानिक एडवर्ड फोर्ब्जचे मत त्या काळी जवळजवळ सर्वमान्य होते. आणि अशा वेळी १२६० वाव खोल सोडलेली दोरी वर ओढली असता, तिच्या तळाशी टेकलेल्या भागास तेरा जिवंत तारामासे बिलगलेले दिसले! ते वाटेतच दोरीला चिकटले असावेत, हा आक्षेप उघड होता. म्हणून वॉलिकने त्यांची जठरे तपासली, आणि तळाच्या चिखलात सापडणारे ‘ग्लोबिजेरिना’ हे सूक्ष्म जीव त्यांत त्याला आढळले. एवढा नेटका पुरावा देऊनही त्याच्या म्हणण्याकडे विद्वानांनी पुरेसे लक्ष दिले नाही. पुढे ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीने खोल समुद्राच्या संशोधनाची कीर्ती तिचा शास्त्रीय प्रमुख वायव्हिल थॉमसन याच्या पदरी घातली, आणि लिनीयन सोसायटीचे पदक वॉलिकच्या वाट्यास आले तेव्हा तो ऐंशी वर्षे ओलांडून गेलेला होता. योगायोग असा की, त्याच १८६० साली सार्डिनिया आणि अल्जीरिया यांमधील तुटलेली केबल भूमध्य समुद्राच्या खोल तळावरून उचलली, तीही अंगावर प्रवाळ घेऊनच वर आली.

म्हणजे केबलने जीवांना आश्रय द्यावा, ही गोष्ट मुळात नवी नव्हे. नवी आहे ती बुद्धिपुरस्सर केलेली तजवीज. दगड एकाच मापाचे न घेता लहानमोठे मिसळले, तर त्यांच्या फटींत शेवंड, खेकडे आणि कॉड माशांची पिले लपू शकतात. काँक्रीट ताजे असताना समुद्राच्या पाण्याहून पुष्कळच अधिक अल्कधर्मी असते, म्हणून त्याचे मिश्रण बदलतात, आणि जीवांना बिलगता यावे म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवतात. कालवांची अर्भके स्वजातीच्या शिंपल्यांवर बसणे विशेष पसंत करतात, म्हणून दगडांत रिकामे शिंपलेही पसरतात.

कालवांविषयी मला विशेष आस्था वाटते. ग्रिम्स्बी या इंग्लिश बंदरातील ओल्सेन नावाच्या नकाशाकाराने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या मत्स्यनकाशात उत्तर समुद्राच्या मध्यभागी कालवांचा विस्तीर्ण प्रदेश दाखविलेला आहे. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी तो नामशेष केला, आणि आज नकाशावर ‘कालवभूमी’ हे नाव तेवढे उरले. डच पवनक्षेत्रांत अशी जाळी ओढण्यास मनाई असल्यामुळे त्या जातीस पुन्हा ठाव मिळण्याची आशा आहे, आणि ती मला खरी वाटते.

तथापि दगडांभोवती मासे जमले, एवढ्यावरून त्यांची संख्या वाढली असे ठरत नाही. ते आसपासच्या पाण्यातून तेथे केवळ गोळा झाले असतील. शिवाय जो तळ मूळचाच वाळूचा, तेथे दगड टाकणे हे वाळूत राहणाऱ्या जीवांचे घर मोडणे होय; त्यास ‘पुनरुज्जीवन’ म्हणणे मला मान्य नाही. केबलची दुरुस्ती निघाली की राशी हलवाव्या लागणार, आणि पंचवीस-तीस वर्षांनी क्षेत्राची मुदत संपल्यावर त्या ठेवावयाच्या की उचलावयाच्या, हा प्रश्न उभा राहणारच. त्या दिवशी दगडांना काय काय बिलगले आहे, ते मोजणारा आणि त्यांच्या जठरात डोकावणारा एक वॉलिक जहाजावर असावा, हे कलम आजच्याच परवान्यात घालावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.