खोकडाची शिकार आणि विलायतेतला कायदा

इंग्रजीच्या पाठात 'फॉक्स' हा शब्द आला की आपण मुलांना बेधडक 'कोल्हा' असा अर्थ सांगून मोकळे होतो. खरे पाहता आपला कोल्हा म्हणजे इंग्रजांचा 'जॅकल'. 'फॉक्स'चा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. माळरानावर बीळ करून राहणारे, झुपकेदार शेपटीचे, उंदीर-सरडे-किडे खाऊन जगणारे ते लहानसे जनावर. विलायतेतले खोकड अंगाने याहून बरेच मोठे आणि रंगाने तांबूस असते. एवढ्याशा या प्राण्यावरून इंग्लंडात कित्येक पिढ्या वाद चालला, लाखो माणसे लंडनच्या रस्त्यावर उतरली, पार्लमेंटची दोन सभागृहे एकमेकांसमोर ठाकली, आणि अखेर २००४ साली कुत्र्यांकरवी खोकडाची शिकार करण्यावर कायद्याने बंदी आली. तुम्ही म्हणाल, विलायतेतल्या खोकडाशी आमचा काय संबंध? तो कसा आहे ते पुढे येईलच. आधी ही शिकार म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

ही शिकार बंदुकीची नव्हे. नोव्हेंबरात शेते मोकळी झाली की हंगाम सुरू होतो आणि मार्चच्या सुमारास संपतो. ठरल्या दिवशी सकाळी गावच्या चौकात किंवा एखाद्या वाड्यासमोर घोडेस्वार जमतात. काहींच्या अंगात तांबडे कोट असतात. सोबत शिकारी कुत्र्यांचा कळप. आपण बैल जसे जोडीने मोजतो, तसे तिकडे हे कुत्रे जोडीने मोजतात. पंधरा-वीस जोड्या म्हणजे तीस-चाळीस कुत्रे. त्यांना सांभाळणाऱ्या माणसाजवळ एक छोटे शिंग असते. त्या शिंगाच्या आवाजावर सारा कळप चालतो. कुत्रे झाडीत शिरतात, वास काढतात. खोकड उठले की ते पुढे, कुत्रे मागे, आणि त्यांच्यामागे कुंपणे व चर ओलांडत घोडेस्वार. कधी तासभर, कधी त्याहून जास्त वेळ ही धाव चालते. पुष्कळदा खोकड निसटते. सापडले तर कुत्रे त्याला मारतात. बिळात घुसले तर लहान जातीचे कुत्रे आत सोडून, बीळ खणून त्याला गोळी घालण्याचीही रीत होती.

पूर्वी राजेरजवाड्यांची आवडती शिकार हरणाची असे. जंगल कमी होत गेले तसे खोकडाला महत्त्व आले. अठराव्या शतकात लेस्टरशर परगण्यात ह्यूगो मेनेल नावाच्या जमीनदाराने जलद पळणारे कुत्रे पैदा केले आणि या शिकारीला आजचे रूप आले. पुढे इंग्रज जिथे गेले तिथे ही हौस घेऊन गेले. आपल्या देशात उटीच्या माळावर त्यांनी शिकारी कुत्र्यांचे पथक पाळले. तिथे खोकडाऐवजी कोल्ह्याचा पाठलाग होई.

आता वादाकडे वळू. मुक्या जनावरांचे हाल करू नयेत असा कायदा इंग्लंडने १८२२ साली केला. १८३५ साली बैलावर कुत्रे सोडण्याचे आणि कोंबड्यांच्या झुंजी लावण्याचे खेळ बंद झाले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हे कायदे प्रामुख्याने पाळीव जनावरांपुरते होते. १९११ च्या कायद्यातही रानटी जनावराची शिकार वगळलेली होती. म्हणजे गरिबाची कोंबड्यांची झुंज गुन्हा ठरली आणि घोड्यावर बसणाऱ्याची शिकार मात्र खेळ राहिली. ही टोचणी पुढच्या साऱ्या वादात राहिली. शिकारीच्या विरोधकांनी १९२४ साली स्वतंत्र संघटनाही काढली. १९४९ साली पार्लमेंटात बंदीचे प्रयत्न झाले, ते फसले. तेव्हा सरकारने एक चौकशी समिती नेमली. तिने १९५१ साली असा निर्वाळा दिला, की खोकडांची संख्या आटोक्यात ठेवायला ही शिकार उपयोगी आहे आणि सापळे वगैरे इतर उपायांपेक्षा हिच्यात क्रूरपणा कमी आहे. प्रकरण तिथेच थांबले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे काय होते? शिकारीच्या बाजूची मंडळी सांगत: खोकड हे उपद्रवी जनावर आहे, ते कोंबड्या मारते, मेंढीची कोवळी कोकरे उचलते. त्याला आवरायलाच हवे. बंदुकीने जखमी झालेले जनावर दिवस दिवस तडफडते. कुत्र्यांच्या तावडीतून एक तर ते सुटते किंवा क्षणात मरते. शिवाय या शिकारीवर गावातला नालबंद, घोड्याचा मोतद्दार, कुत्र्यांचा राखणदार यांचे पोट चालते. शेतकऱ्याचे जनावर मेले तर शिकारीची मंडळी ते उचलून नेतात आणि कुत्र्यांना घालतात. तेवढीच शेतकऱ्याची सोय. आणि सर्वांत मोठी तक्रार ही, की शहरात राहणारे लोक खेड्यातले जिणे न जाणता खेड्यावर कायदा लादतात.

विरोधकांचे उत्तर असे: एका जनावरामागे तीस-चाळीस कुत्रे लावायचे आणि त्याच्या भयाची गंमत पाहत घोडे उडवायचे, याला उपद्रव आवरणे म्हणत नाहीत. उपद्रव आवरायचा असता तर काही ठिकाणी खोकडांसाठी मुद्दाम बिळे कशाला बांधून दिली असती? ती शिकारीला कमी पडू नयेत म्हणूनच ना? रोजगाराचे म्हणाल, तर कुत्र्यांना आधी टाकून ठेवलेल्या वासावर धावायला लावूनही घोडेस्वारी चालू ठेवता येते. तिथे नालबंदही लागतो आणि मोतद्दारही.

१९९७ साली मजूर पक्षाचे सरकार आले. त्याच वर्षी एका खासगी विधेयकाला कॉमन्स सभागृहात ४११ विरुद्ध १५१ असा कौल मिळाला, पण वेळेअभावी ते बारगळले. खेड्यांतून खळबळ उडाली. मग १९९९ च्या डिसेंबरात लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली गेली. जून २००० मध्ये आलेला त्यांचा अहवाल शिक्षकांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. शिकार चांगली की वाईट, असा निकाल त्यांनी दिलाच नाही. जे मोजता येते ते मोजले आणि बाकीचे लोकप्रतिनिधींवर सोपवले. इंग्लंड-वेल्समधले नोंदलेले कळप वर्षाला सुमारे २१ ते २५ हजार खोकडे मारतात. सहा ते आठ हजार पूर्णवेळ नोकऱ्या शिकारीवर अवलंबून आहेत. बंदुकीने व इतर मार्गांनी याहून कितीतरी अधिक खोकडे मरतात. आणि पाठलाग व मरण यांमुळे खोकडाच्या हिताला गंभीर बाधा येते, असे त्यांनी नोंदवले. बहुतेक वेळा मरण काही सेकंदांत येते, हेही सांगितले. सपाट मुलखात रात्री दिव्याच्या उजेडात रायफलने मारणे कमी त्रासाचे. पण डोंगराळ मुलखात, जिथे मेंढपाळी चालते आणि बंदूक चालवणे अवघड, तिथे कुत्र्यांची गरज जास्त, असा फरकही त्यांनी दाखवला.

पुढच्याच वर्षी, २००१ साली, निसर्गानेच जणू एक प्रयोग करून दाखवला. गुरांना लाळ-खुरकताची साथ आली. रोग पसरू नये म्हणून शिकार सुमारे दहा महिने बंद राहिली. त्यानंतर संशोधकांनी खोकडांची मोजदाद केली, तेव्हा संख्या म्हणण्यासारखी वाढलेली आढळली नाही. 'आम्ही नसलो तर खोकडांचा सुळसुळाट होईल' हा मुद्दा त्यामुळे लंगडा पडला.

२२ सप्टेंबर २००२ रोजी चार लाखांहून अधिक माणसे लंडनमध्ये मोर्चाने आली. त्यात केवळ जमीनदार नव्हते. शेतकरी, मेंढपाळ, गावचे कारागीरही होते. दुधाला भाव नाही, गावची शाळा बंद, दुकान बंद, अशा कितीतरी गाऱ्हाण्यांना शिकारीच्या निमित्ताने तोंड फुटले होते. सरकारने मधला मार्ग सुचवला: ज्याला शिकार करायची त्याने परवाना मागावा, आणि दोन गोष्टी सिद्ध कराव्यात. एक, या शिकारीची खरोखर गरज आहे. दोन, याहून कमी त्रासाचा उपाय नाही. माझ्या मते या वादातली सर्वांत शहाणपणाची सूचना हीच होती. पण कॉमन्सला संपूर्ण बंदी हवी होती आणि लॉर्ड्सला ती नको होती. अखेर १८ नोव्हेंबर २००४ रोजी, लॉर्ड्सचा विरोध बाजूला सारण्याचा जो क्वचित वापरला जाणारा अधिकार १९११ व १९४९ च्या कायद्यांनी कॉमन्सला दिला आहे, त्याच्या बळावर कायदा झाला. १८ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला. स्कॉटलंडने आपला वेगळा कायदा २००२ सालीच केला होता. शिकारवाले न्यायालयात गेले, मानवी हक्कांची दाद मागायला थेट स्ट्रासबर्गपर्यंत गेले, सगळीकडे हरले.

मग शिकार थांबली का? इथेच खरा धडा आहे. खोकड मारणे गुन्हा नाही. कुत्र्यांच्या कळपाने पाठलाग करून मारणे गुन्हा आहे. दोन कुत्र्यांनी खोकड झाडीतून उठवावे आणि बंदुकीने मारावे, अशी सवलत अटींसह ठेवलेली आहे. आणि कळपवाल्यांनी नवी वाट काढली. आधी जनावराचा वास जमिनीवर ओढत न्यायचा आणि त्यावर कुत्रे सोडायचे. वाटेत खरे खोकड उठले आणि कुत्रे त्यामागे गेले, तर 'अपघात झाला' म्हणायचे! असा अपघात की हेतू, हे न्यायालयात सिद्ध करणे महाकठीण. म्हणून स्कॉटलंडने २०२३ साली कायदा अधिक कडक केला, आणि इंग्लंडात मजूर पक्षाने २०२४ च्या निवडणुकीत हा वास-माग काढण्याचा प्रकारही बंद करण्याचे वचन दिले. ज्यांच्या कारकिर्दीत मूळ कायदा झाला, त्या टोनी ब्लेअर यांनी २०१० साली आपल्या आठवणींत या कायद्याबद्दल खेद व्यक्त केला, हेही नमूद करायला हवे.

आता आपल्या दाराशी येऊ. बैलगाडा शर्यतींचा वाद तुमच्या गावात झालाच असेल. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती ग्राह्य धरली. शर्यतीत बैलाला मारणे हा हेतू नसतो, हा मोठा फरक आहेच. पण तिकडचे आणि इकडचे शब्द ताडून पाहा: परंपरा, रोजगार, शहरवाल्यांची ढवळाढवळ, मुक्या जनावराचे हाल. तेच शब्द!

माझे मत विचाराल, तर करमणुकीसाठी जनावराला भयाने पळवून मारणे बंद झाले, हे योग्यच झाले. केवळ जुनी आहे म्हणून कुठलीही चाल टिकत नाही. आपल्या देशानेही कितीतरी चाली टाकल्या. पण ज्यांच्या शिवारात कायदा पाळला जायचा, त्यांना तो पटवून न देता बहुमताने केला, तर तो पाळण्यापेक्षा त्यातून वाट काढण्याकडेच माणसाची बुद्धी धावते. विलायतेत वीस वर्षे तेच चालले आहे.

शिक्षकांना एक सुचवतो. वरच्या वर्गात हा विषय वादविवादाला ठेवा. अर्धी मुले शिकारीच्या बाजूने, अर्धी विरुद्ध; आणि मध्यंतरानंतर बाजू बदला. मात्र प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारा, जे परवान्याच्या योजनेत होते: याची गरज काय, आणि याहून कमी त्रासाचा उपाय आहे का? मग गावच्या जत्रेतल्या, शेतातल्या आणि गोठ्यातल्या एकेका चालीला मुलांनाच ते प्रश्न लावू द्या. बैलाला पराणी टोचण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.