विमा ट्रॅक्टरचा, जोखीम मजुराची

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणींना प्राण गमवावे लागले. या मजूर वसमत तालुक्यातील गुंज गावच्या होत्या. आज हा तालुका हिंगोली जिल्ह्यात असला, तरी १९९९ पर्यंत तो परभणी जिल्ह्याचाच भाग होता. शासनाने मदत जाहीर केली. परंतु मदत ही कृपा असते, भरपाई हा हक्क असतो. कापूस वेचणीला वा ऊसतोडीला ट्रॉलीत बसून जाणाऱ्या परभणीच्या मजुराला असा हक्क असतो काय, याचा विचार त्यामुळे अगत्याचा ठरतो.

वाहनाचा विमा उतरवला, म्हणजे अपघातात सापडलेल्या प्रत्येकाला पैसे मिळणार, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो यथार्थ नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा मुळात विमा घेणाऱ्यासाठी नाहीच. मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी हा दुसरा, आणि वाहनामुळे ज्याची हानी झाली तो तिसरा. सक्ती आहे ती या तिसऱ्यासाठी. मालक स्वतः गाडी चालवीत असेल, तर त्याच्यासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे घ्यावे लागते. गाडीच्या दुरुस्तीचा विमाही वेगळाच. तो असेल, तर चूक आपल्या चालकाची असली तरी खर्च मिळतो. मात्र चालक परवान्याविना किंवा मद्यपान करून गाडी हाकत असेल, तर मिळत नाही.

चुकीचा प्रश्न याहून जुना आहे. चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याविना भरपाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. साक्षीदार नसलेल्या गरिबाने तो सिद्ध कसा करावा? म्हणून १९८२ च्या दुरुस्तीने दोष न पाहता द्यावयाची ठरावीक रक्कम प्रथमच कायद्यात आली. मृत्यूसाठी ती अवघी १५ हजार रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५ लाख झाली आहे. याहून अधिक हवे असल्यास न्यायाधिकरणापुढे समोरच्याची चूक दाखवावी लागते. समजा, जिंतूर रस्त्यावर मोटारीची धडक बसून दुचाकीस्वार जखमी झाला आणि भरपाई १० लाख ठरली. त्याची स्वतःची चूक तीस टक्के निघाली, तर त्याच्या हाती ७ लाखच पडतात.

दोषाइतकेच महत्त्व चालक कोण होता याला आहे. चालकाकडे वैध परवाना नसला, तरी त्रयस्थ जखमीला वाऱ्यावर सोडता येत नाही. मालकाने जाणूनबुजून वा बेफिकिरीने असा माणूस नेमला, हे कंपनीला सिद्ध करावे लागते. आणि ते सिद्ध झाले, तरी आधी भरपाई देऊन मग मालकाकडून वसूल करण्यास न्यायालय कंपनीला सांगू शकते. ही दिशा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये घालून दिली. याउलट, मित्राची मोटारसायकल मागून नेणारा तरुण अपघातात दगावला, तर तो मालकाच्याच जागी बसला होता असे २००९ च्या निकालाने मानले. म्हणजे तो तिसरा उरत नाही, आणि त्याचे कुटुंब मालवाहू गाडीखाली सापडलेल्या पादचाऱ्याच्या कुटुंबाहून दुबळे ठरते.

या मोजपट्टीवर ट्रॉलीतील मजूर कोठे बसतो? शेतीकामासाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरवर आसन एकच, चालकाचे. मालवाहू वाहनातून असेच नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे. तेव्हा भरपाईचा बोजा पुष्कळदा एकट्या मालकावर पडतो, आणि तो मालकही बहुधा कर्जात बुडालेला शेतकरीच असतो. हुकूमनामा मिळतो, रक्कम मिळत नाही. शेतकऱ्याच्या अपघातासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अनुदान योजना आहे. पण तिचा आधार सातबारा आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो तेथेही बाहेरच.

विम्याचे तत्त्व असे की, एकाला न पेलणारी जोखीम अनेकांनी थोडी थोडी वाटून घ्यावी. येथे सर्वांत मोठी जोखीम ज्याच्या शिरावर, नेमका तोच वाटणीतून वगळला गेला आहे. मजुरांनी ट्रॉलीत बसू नये, हा उपदेश सोपा आहे. पहाटे दूरच्या शिवारात पोहोचविणारी बस मात्र कोठेच नाही. तोवर हंगामापुरती मजूर वाहतूक मर्यादित वेग व संख्येच्या अटींवर मान्य करून, जादा हप्ता घेऊन तिला विम्याचे छत्र देणे अधिक प्रामाणिक ठरेल. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना २०१५ पासून आहे. मुकादमाने उचल देतानाच प्रत्येक मजुराची तीत नोंद झाली आहे की नाही हे पाहावे, एवढी दक्षता ग्रामपंचायतीला अशक्य नाही. विहिरीत पडल्यावर धावणारी करुणा स्तुत्य खरी. परंतु ट्रॉलीत चढण्यापूर्वी लाभणारा हक्क तिच्याहून मोलाचा आहे.