‘डीन’ आणि अधिष्ठाता : एका पदनामाची कुळकथा

पुण्यास गेलेला शिक्षक बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात पुस्तके पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. तेथे त्यास दोन अगदी निराळ्या विषयांची पुस्तके मिळू शकतात. एक विद्यापीठ कायद्याचे. त्यात ‘अधिष्ठाता’ हे पद येते. दुसरे फलज्योतिषाचे, त्यात ‘द्रेष्काण’ ही संज्ञा येते. या दोहोंचा परस्परांशी संबंध असेल अशी शंकाही कोणास येणार नाही. परंतु ‘अधिष्ठाता’ हे पद ज्या इंग्रजी शब्दासाठी योजलेले आहे, तो ‘डीन’ आणि हा द्रेष्काण हे एकाच घरचे शब्द होत.

ते घर म्हणजे दहा हा आकडा. लॅटिन भाषेत दहास ‘देकेम’ म्हणतात. संस्कृत ‘दशन्’ व मराठी ‘दहा’ यांचेच हे भावंड. त्यावरून ‘देकानुस’ म्हणजे दहा जणांचा प्रमुख असा शब्द झाला. उत्तरकालीन रोमन सैन्यात एका तंबूत राहणाऱ्या दहा शिपायांच्या तुकडीचा नायक या नावाने ओळखला जाई. तो त्याच तंबूत राही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सैन्यातून हा शब्द मठात गेला. इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली केली, तिच्या एकविसाव्या प्रकरणात या पदाचा विचार आहे. मठ मोठा असल्यास दहा-दहा जणांवर एकेक प्रमुख नेमावा. मात्र तो केवळ ज्येष्ठता पाहून नव्हे, तर आचरण व शहाणपण पाहून निवडावा, असे ते सांगतात. यापुढील तरतूद अधिक उद्बोधक आहे. पदामुळे कोणी गर्वाने फुगला, तर त्यास तीन वेळांपर्यंत समज द्यावी आणि तरीही न सुधारल्यास पदावरून दूर करावे. सेवाज्येष्ठतेच्या याद्या व ‘समज देण्यात येत आहे’ अशी पत्रे ज्यांच्या नित्य परिचयाची आहेत, त्यांस हे नियम फारसे परके वाटू नयेत.

पुढे मोठ्या चर्चमधील धर्मोपदेशकांच्या मंडळाचा प्रमुख ‘डीन’ म्हटला जाऊ लागला. युरोपातील आरंभीची विद्यापीठे चर्चच्याच छायेत वाढली असल्यामुळे तेराव्या शतकात पॅरिस येथे विद्याशाखांच्या प्रमुखांनाही हेच नाव मिळाले. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्चमध्ये तर १५४६ पासून शतकानुशतके एकच व्यक्ती चर्चची व महाविद्यालयाची प्रमुख असून तिचे पद ‘डीन’ हेच होते. दहाचा आकडा मात्र वाटेतच गळून पडला.

ज्योतिषात तो टिकला. ग्रीक ज्योतिषी तीस अंशांच्या राशीचे तीन भाग करीत व दहा अंशांच्या प्रत्येक भागास ‘देकानोस’ म्हणत. तो शब्द संस्कृतात ‘द्रेष्काण’ झाला. वराहमिहिर यांच्या बृहज्जातकात तो आढळतो. वराहमिहिर आणि बेनेडिक्ट दोघेही सहाव्या शतकातील. म्हणजे हा शब्द इंग्रजांबरोबर येथे येण्यापूर्वी हजारांहून अधिक वर्षे आपल्या ज्योतिषग्रंथांत होता.

मराठीत ‘डीन’साठी ‘अधिष्ठाता’ रूढ झाला. ‘अधि’ म्हणजे वर व ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. अधिष्ठात्री देवतेमुळे हा शब्द खेड्यातही अपरिचित नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुखास अधिष्ठाता म्हणतात; २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमातील चारही विद्याशाखांना अधिष्ठाता आहेत. शब्द भारदस्त आहे, यात संशय नाही. पण मुळात जो दहांबरोबर एका तंबूत राहत होता, तो भाषांतरात त्यांच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला.

मूळ अर्थाला अधिक जवळचा शब्द आपल्याकडेच होता. शिवकालीन गडांवरील व्यवस्थेत दहा माणसांत नऊ पाईक व दहावा नाईक असे, असे सभासदाची बखर सांगते. नाईक हा दहांच्या मोजणीतच धरलेला. विद्याशाखेच्या प्रमुखास ‘नाईक’ म्हटलेले कितपत रुचले असते, हा प्रश्न वेगळा!

प्राथमिक शाळेतील ‘मुख्याध्यापक’ हे पदनाम या दहाव्या नाईकाच्या जातीचे आहे. त्यातला ‘मुख्य’ काढून टाकला तरी ‘अध्यापक’ उरतोच. याच बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई फुले तेथील मुख्याध्यापिका म्हणून ओळखल्या जातात, आणि मुलींना शिकविणाऱ्याही त्याच होत्या. द्विशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक आजही एका हाती हजेरीपट सांभाळून दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहितो.

हा शब्द वर्गात समजावून देताना दहा मुले पुढे उभी करावी आणि त्यांतून एकास नाईक करावे. ‘आता पाईक किती?’ असे विचारल्यास बहुतेक मुले चटकन ‘दहा’ म्हणतील. मग त्यांच्याकडूनच पुन्हा मोजून घ्यावे.