आयनांची मुखत्यारी
एकाच जातीचा विद्युद्भार धारण करणारे अब्जावधी आयन एका शलाकेत कोंबले म्हणजे ते परस्परांना दूर लोटू लागतात, आणि अणुसंमीलनासाठी इंधनाच्या इवल्या गोळीवर त्यांचा एकवट मारा करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाची खरी पंचाईत तेथेच होते. या लोटालोटीचा हिशेब आधीच मांडून पाहण्यासाठी अमेरिकेतील बर्कले व लिव्हरमोर येथे रचलेली ‘वार्प’ ही संगणक-आज्ञावली प्रत्येक आयनाचे दप्तर ठेवीत नाही (तेवढी ऐपत कोणत्या संगणकाची?), ती एकेका प्रातिनिधिक कणाला असंख्य आयनांची मुखत्यारी देते, त्यांचा भार काल्पनिक जाळीवर वाटून विद्युत्क्षेत्र काढते, कणांना तसूभर पुढे सरकविते आणि तोच हिशेब पुन्हा मांडते. बर्कलेच्या ‘एनडीसीएक्स-२’ या त्वरकाचा आराखडा अशाच गणितावर बेतला होता. मात्र आयन-शलाकांवर चालणारे वीजकेंद्र अद्याप कोठेही उभे राहिलेले नाही.