दिवा धरलेली लेक

सावंतवाडी म्हटलं की मोती तलाव आणि लाकडी खेळणी आठवतात. याच गावात १८८२ साली चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर जन्मले. जे. जे. कला शाळेत शिकून १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. नाव ओळखीचं वाटत नसेल, पण त्यांचं एक चित्र तुम्ही बहुधा पाहिलं आहे. आपल्या बऱ्याच घरांत भिंतीवर माणसाचं चित्र लावत नाहीत. तरी एखाद्या दुकानातल्या कॅलेंडरवर ते दिसलं असेल. अंधारात उभी तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा.

चित्राचं नाव ‘ग्लो ऑफ होप’. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. पण रविवर्मा १९०६ सालीच वारले आणि हे चित्र १९४५-४६चं. शिवाय ते जलरंगात आहे. तैलरंगात चुकलेली जागा वरून रंग देऊन सावरता येते. जलरंगात एकदा गडद झालेलं पुन्हा उजळ करणं महाकठीण. उजेड कुठे हवा ते आधीच ठरवून तिथला कागद राखावा लागतो. म्हणून त्या तरुणीची बोटं नीट पाहावीत. वीज गेल्यावर मुलं टॉर्चवर तळहात ठेवून खेळतात ना, तसाच आतून लाल उजेड त्या बोटांत आहे.

ती हळदणकरांची मुलगी, गीता. दिवाळीत दिवा घेतलेली लेक त्यांनी पाहिली आणि तिलाच चित्रासाठी उभं केलं. घरचं माणूस रंगवणं सोपं, असं आपल्याला वाटतं. मला उलट वाटतं: रोजचा चेहरा परक्यासारखा न्याहाळणं अवघडच. आणि लेकीला हात न हलवता उभं राहावं लागतं ते वेगळंच.

हळदणकरांच्या ‘अ मोहमेडन पिलग्रिम’ या तैलचित्राचाही बॉम्बे आर्ट सोसायटीने गौरव केला होता. शीर्षकात यात्रेकरूचं नाव नाही, नुसता ‘यात्रेकरू’. गीताचंही नाव तिच्या चित्राच्या शीर्षकात नाही, पण ती घरची, म्हणून तिचं नाव निदान घराने जपलं.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. गीताताई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, वयाच्या १०२व्या वर्षी. चित्रातल्या तरुणीचं नाव अनेकांना त्या बातमीतूनच पहिल्यांदा कळलं.