उन्हातून आल्यावर ओठावर फोड का येतात?

मे महिन्यात शेतात किंवा वरातीत दिवसभर ऊन लागलं, की दोन-चार दिवसांत काहींच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड येतात. घरातले म्हणतात, 'ताप फुटला.' खरं तर हे हर्पिस विषाणूचं काम. एरवी तो नसांमध्ये दबून असतो. मग उन्हानंतरच डोकं वर का काढतो?

उन्हाने प्रतिकारशक्ती कमी होते?

हो, त्वचेची काही काळ होते. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक आपल्या त्वचेतच तयार होतं: युरोकॅनिक ॲसिड. ते हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून बनतं आणि हिस्टिडिन तुरीच्या डाळीसारख्या अन्नातून मिळतं.

अतिनील किरणं पडली की या ॲसिडच्या रेणूचा आकार बदलतो. 'ट्रान्स' रूपाचं 'सिस' होतं. अणू तेच, फक्त रेणू वाकतो. हा वाकलेला रेणू प्रतिकार करणाऱ्या पेशींना जणू 'दमानं घ्या' असं सांगतो. १९८३ मध्ये एडवर्ड डी फॅबो आणि फ्रान्सिस नूनन या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून हा संबंध मांडला.

हे चांगलं की वाईट?

दोन्ही. उन्हाने भाजलेल्या स्वतःच्याच पेशींवर शरीराने हल्ला करू नये, म्हणून ही सोय असावी असं मानतात. पण पहारा ढिला पडला की विषाणूंचं आणि बिघडलेल्या पेशींचं फावतं. एकेकाळी हे ॲसिड 'नैसर्गिक सनस्क्रीन' म्हणून क्रीममध्ये घालत. आता युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे.

'मी सावळा, मला काय होतंय?'

सावळ्या रंगामुळे त्वचा कमी भाजते, हे खरं. पण हे ॲसिड त्वचेच्या अगदी वरच्या थरात असतं. त्यामुळे बदल सावळ्या त्वचेतही होतो.

मग करायचं काय?

आपली सावली बघा. सूर्य जितका डोक्यावर, तितकी अतिनील किरणं तीव्र. लातूर-नांदेडला मेच्या मध्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. जुलैच्या शेवटी तो पुन्हा तसाच येतो. तेव्हा आभाळ असतं, पण ढग सगळी किरणं अडवत नाहीत.

साधा नियम: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर टोपी, रुमाल किंवा पदर घ्या आणि ओठही झाका. ड जीवनसत्त्वासाठी थोडं ऊन हवंच, त्यामुळे उन्हाला घाबरू नका. फोड वारंवार येत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा.